आकड्याचा आकडा

आमच्या घरात 'आकडा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. आजीच्या तोंडी आकडा म्हणजे अंबाड्यात खोचायचा यू आकाराचा पिन. माझ्या तोंडी आकडा म्हणजे एम-थ्रीच्या पेपरात हमखास चुकणारी गोष्ट. या दोन अर्थांची कधी गाठ पडेल असं वाटलं नव्हतं. ती पडली गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, मामाच्या दुकानात.

मामाचा केसांच्या वस्तूंचा होलसेल धंदा आहे. क्लचर, टिकटॅक पिना, हेअरबँड, लग्नसराईत खड्यांच्या क्लिपा, थंडीत लोकरीच्या टोप्या. इतकी वर्षं तो मुंबईतल्या मोठ्या व्यापाऱ्यांकडून माल घ्यायचा. या वेळी पहिल्यांदाच त्याने चीनमधल्या यिवू शहरातून स्वतःच्या नावावर माल मागवला. माल बोटीत असतानाच क्लिअरिंग एजंटने 'चेकलिस्ट' पाठवली. बिल ऑफ एंट्री भरण्याआधी आयातदाराने तपासून होकार द्यायचा, तो हा कच्चा मसुदा. मामाने खालची ड्युटीची रक्कम पाहिली आणि तो खुर्चीत बसलाच. मला म्हणाला, "अरे, तू इंजिनिअर होणार ना? मग एवढं बघ. माझं काहीतरी चुकलंय की त्यांचं?"

मित्रहो, मेकॅनिकलच्या अभ्यासक्रमात कस्टम टॅरिफ नावाचा विषय नाही. पण पुढचे चार दिवस मी तोच अभ्यास केला. त्यातून जे समजलं ते इथे मांडतो. उद्या तुमच्यापैकी कोणी स्टार्टअप काढेल, कोणी कंपनीच्या परचेस खात्यात जाईल. तेव्हा क्लिपांच्या जागी बेअरिंग असतील, पण नियम हेच असतील.

आठ आकड्यांची भाषा

जगात आयात-निर्यात होणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक कोड असतो. या पद्धतीचं नाव हार्मोनाइज्ड सिस्टीम, थोडक्यात एचएस. ब्रुसेल्सची जागतिक सीमाशुल्क संघटना ती सांभाळते. करार झाला १९८३ मध्ये आणि पद्धत लागू झाली १ जानेवारी १९८८ पासून. आज दोनशेहून जास्त देश आणि अर्थव्यवस्था ती वापरतात. पहिले सहा आकडे सगळ्यांचे सारखे, पुढचे प्रत्येक देश आपापल्या सोयीने जोडतो. भारतात २००३ पासून आठ आकडी कोड आहे. तो सापडतो सीमाशुल्क टॅरिफ कायदा, १९७५ याच्या पहिल्या अनुसूचीत.

प्लास्टिकच्या क्लचरचा कोड बघा : ९६१५ ११ ००. पहिले दोन आकडे चॅप्टरचे. ९६ वा चॅप्टर म्हणजे 'संकीर्ण उत्पादित वस्तू', आपल्या घरातला अडगळीचा खण! झाडू, बटणं, चेन, पेन, लायटर, थर्मास सगळे इथेच. पहिले चार आकडे मिळून झालं हेडिंग : ९६१५ म्हणजे कंगवे, हेअर-स्लाइड आणि तत्सम वस्तू, केसांचे पिन, कर्लर वगैरे. पुढचे दोन आकडे सबहेडिंगचे : ११ म्हणजे कंगवे, स्लाइड आणि तत्सम वस्तूंपैकी कठीण रबराच्या किंवा प्लास्टिकच्या. शेवटचे दोन भारताचे. इथे भारताला आणखी फाटे फोडायची गरज वाटली नाही म्हणून शून्य-शून्य.

आणि आजीचा आकडा? तो ९६१५ ९०. लोखंडाचा असो की प्लास्टिकचा, केसांच्या पिनांना या सबहेडिंगमध्ये पदार्थ विचारला जात नाही. म्हणजे एकाच हेडिंगमध्ये क्लिपला 'तू कशाची?' असं विचारतात आणि पिनला फक्त 'तू कोण?' एवढंच. असं का, हे तर्काने शोधत बसू नये. जे लिहिलंय ते वाचायचं. मी शिकलेला पहिला धडा हाच.

सहा नियमांचा फ्लोचार्ट

वस्तू कोणत्या हेडिंगमध्ये बसवायची यासाठी सहा सर्वसाधारण नियम आहेत. ते क्रमाने लावायचे. पहिल्याने काम झालं तर पुढे जायचंच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर हा इफ-एल्सचा प्रोग्रॅमच आहे.

नियम १ : हेडिंगचे शब्द आणि सेक्शन व चॅप्टरच्या टिपा यांवरून ठरवा. चॅप्टरचं शीर्षक फक्त शोधायच्या सोयीसाठी, त्याला कायद्याचं वजन नाही.

नियम २ : अपूर्ण किंवा सुट्या भागांत आलेली वस्तू, तिला पूर्ण वस्तूचं मूळ रूप आलेलं असेल तर पूर्ण वस्तूच समजा. मिश्र पदार्थांच्या वस्तूंचा विचारही इथूनच सुरू होतो.

नियम ३ : दोन हेडिंग लागू होत असतील तर आधी जास्त नेमकं हेडिंग घ्या. त्यानेही सुटलं नाही तर वस्तूला तिचं मूळ स्वरूप कोणत्या भागाने दिलं ते पाहा. तेही जमलं नाही तर आकड्यांच्या क्रमात शेवटी येणारं हेडिंग घ्या.

नियम ४ : काहीच बसत नसेल तर सर्वांत जवळच्या वस्तूसारखं वर्गीकरण करा.

नियम ५ : खोकी, केस आणि पॅकिंग यांच्याबद्दल.

नियम ६ : सबहेडिंग ठरवतानाही हीच पद्धत, पण एकाच पातळीवरची सबहेडिंग एकमेकांशी ताडून.

बहुतेक वस्तू पहिल्या नियमातच सुटतात. आपली चूक अशी होते की आपण थेट तिसऱ्यावर उडी मारतो. 'मला वाटतं हे दागिन्यासारखं दिसतं' असं म्हणून मोकळे होतो. टिपा वाचायचा कंटाळा! सबमिशनच्या आदल्या रात्री मॅन्युअल न वाचता रीडिंग घेणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

खोका उघडल्यावर

मामाच्या इनव्हॉइसवर यिवूच्या विक्रेत्याने सगळ्या मालाला एकच नाव दिलं होतं : 'फॅशन ज्वेलरी अँड हेअर अ‍ॅक्सेसरीज'. एजंटसमोर फक्त कागद होता, माल नव्हता. त्याने पहिला शब्द धरला आणि केसांचा सगळा माल ७११७ मध्ये, म्हणजे इमिटेशन ज्वेलरीत टाकला. मी विक्रेत्याकडून प्रत्येक वस्तूचे फोटो आणि वजनं मागवली, मामाच्या दुकानातले तसेच नमुने टेबलावर मांडले आणि एकेक उचलत गेलो.

प्लास्टिकचा क्लचर, प्लास्टिकचा कडक हेअरबँड : ९६१५ ११. धातूची टिकटॅक क्लिप : ९६१५ १९. हे सोपे.

केसांचा ब्रश कंगव्याचा सख्खा भाऊ, पण राहतो दुसऱ्या घरी : ९६०३, ब्रशांच्या हेडिंगमध्ये. साधा कर्लर ९६१५ मध्ये, पण विजेवर तापणारा कर्लर ८५१६ मध्ये, हेअर ड्रायरच्या शेजारी. ९६१५ च्या मजकुरातच '८५१६ मधले सोडून' असं लिहिलेलं आहे. गंगावन आणि टोप म्हणजेच विग ६७०४ मध्ये. तेच केस कच्चे, काहीही प्रक्रिया न केलेले असतील तर ०५०१, आणि विंचरून, रंगवून तयार केले की ६७०३. केस तोच, प्रक्रिया वाढली की पत्ता बदलतो.

आता माझी चूक सांगतो. मालात कापडी स्क्रंची आणि कापडाचे लवचीक हेअरबँड होते. काम केस बांधण्याचं, म्हणून मी तेही ऐटीत ९६१५ मध्ये टाकले. एजंटने फोनवर शांतपणे विचारलं, "साहेब, कापड विणलेलं आहे की गुंफलेलं?" मला प्रश्नच कळला नाही. मग समजलं की कापडी हेअरबँड वस्त्रांच्या उपसाधनांत जातात. कापड निटेड असेल, म्हणजे स्वेटरसारखे फासे असतील, तर ६११७. ताणा-बाणा घालून विणलेलं असेल तर ६२१७. अमेरिकेच्या टॅरिफमध्ये तर या दोन्ही हेडिंगखाली हेडबँड आणि पोनीटेल होल्डर नावानिशी लिहिलेले आहेत. मग मी भिंग घेऊन बसलो. स्क्रंचीत फासे दिसले, हेअरबँडमध्ये ताणा-बाणा. टेक्स्टाइलच्या मित्रांनो, तुमच्या ब्रँचबद्दल माझा आदर त्या दिवशी दुप्पट झाला!

एक वस्तू मात्र खरोखर विचार करायला लावणारी निघाली : धातूच्या चिमट्यावर कापडाचा मोठा बो. कापडी म्हणून ६२ व्या चॅप्टरमध्ये? पण ९६१५ चं हेडिंग कोणत्याही पदार्थाचं नाव घेत नाही. केस धरणारी किंवा केसांत शोभेसाठी लावायची स्लाइड एवढंच बघतं. चिमटा आहे म्हणून ती स्लाइड आहे. म्हणजे चार आकडे नियम १ नेच सुटले. प्रश्न उरला पुढच्या दोन आकड्यांचा. आमच्या मालात प्लास्टिक कुठेच नव्हतं, म्हणून 'इतर', ९६१५ १९. चिमटा धातूचा आणि फूल प्लास्टिकचं असतं तर मात्र नियम ६ मधून नियम ३ मध्ये शिरावं लागलं असतं आणि मूळ स्वरूप कोणाचं यावर वाद घालावा लागला असता. नियम ३ ची खरी जागा ही.

खड्यांचं गणित

सगळा पैसा अडकला होता तो खड्यांच्या क्लिपांत. धातूची क्लिप, वर काचेचे चकाकते खडे. दिसायला दागिनाच. मग ७११७ का नाही?

उत्तर ७१ व्या चॅप्टरच्या ११ व्या टिपेत आहे. इमिटेशन ज्वेलरी म्हणजे काय याची व्याख्या तिथे दिली आहे आणि त्याच वाक्यात कंसात म्हटलं आहे की ९६१५ मधल्या शोभेच्या फण्या, हेअर-स्लाइड आणि पिन यांत येत नाहीत. संपला विषय! चकाकी किती, खडे किती, हा प्रश्नच उरत नाही. उलट बाजूची टीप ९६ व्या चॅप्टरमध्ये आहे : ९६१५ च्या वस्तूत सोनं, चांदी, मोती किंवा रत्नं अगदी किरकोळ प्रमाणात असली तरच ती तिथे राहते. त्यामुळे आजीच्या पेटीतलं अंबाड्यात खोवायचं सोन्याचं फूल ९६१५ मध्ये बसणार नाही. ते खऱ्या दागिन्यांत, ७११३ मध्ये जाईल.

या एका कंसाची किंमत किती? २०२० च्या अर्थसंकल्पात ९६१५ वरची मूळ ड्युटी १० वरून २० टक्के झाली. इमिटेशन ज्वेलरीवर ती २०१८ मध्येच १५ वरून २० टक्के झालेली होती. म्हणजे तेव्हा टक्के सारखेच होते. पण २०२२ च्या अर्थसंकल्पाने इमिटेशन ज्वेलरीला एक तळ घातला : त्या वर्षी तो होता २० टक्के किंवा किलोमागे ४०० रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते. (दर अर्थसंकल्पात बदलू शकतात, तेव्हा माल मागवताना त्या दिवशीचा दर पाहावा.)

आता २०२२ च्या त्या दरांनी हिशोब करू. समजा, ३०० किलो क्लिपा आहेत आणि किंमत किलोला ६०० रुपये. एकूण किंमत १,८०,००० रुपये.

९६१५ मध्ये : १,८०,००० चे २० टक्के = ३६,००० रुपये.
७११७ मध्ये : ३०० × ४०० = १,२०,००० रुपये.
फरक : ८४,००० रुपये.

दुसऱ्या ओळीत प्रत्यक्ष दर पडला ६६.६७ टक्के! ४०० रुपये हे २० टक्के व्हायला माल किलोला २,००० रुपयांचा हवा. त्याखाली किंमत जसजशी उतरते तसतसा दर चढत जातो. ४०० भागिले किंमत, हायपरबोला. शिवाय ड्युटीवर २०१८ पासूनचा १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी. पहिल्या पायरीची चूक शेवटपर्यंत वाढत जाते, एरर प्रोपगेशनच्या धड्यासारखी.

डोक्यावरच्या वस्तू

दुसऱ्या खोक्यांत टोप्या होत्या. ६५ वा चॅप्टर त्यांचा. लोकरीची विणलेली टोपी, क्रिकेटची कापडी कॅप ६५०५ मध्ये. कापडाची शिवलेली आपली गांधी टोपीही तिथेच जाईल. गवताची किंवा पट्ट्या गुंफून केलेली हॅट ६५०४. रबराची किंवा प्लास्टिकची पोहण्याची टोपी ६५०६ ९१, पण तीच ताणल्या जाणाऱ्या कापडाची असेल तर पुन्हा ६५०५. वर्कशॉपमध्ये आपण घालतो ते आणि बाइकवर घालायला हवं ते हेल्मेट ६५०६ १०, संरक्षक शिरस्त्राण. आतून कापडी अस्तर आहे म्हणून ते कापडी टोपी होत नाही.

गंमत म्हणजे केसांची जाळी! मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या मावशी घालतात ती. ती केसांवरच बसते, तरी ९६१५ मध्ये नाही. ६५०५ च्या मजकुरात 'कोणत्याही पदार्थाची केसांची जाळी' असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि वाढदिवसाला मुलांना घालतात ती कागदी टोपी टोपीच नाही. ६५ व्या चॅप्टरची पहिलीच टीप खेळण्यातल्या आणि कार्निव्हलच्या टोप्या बाहेर काढून ९५ व्या चॅप्टरकडे पाठवते.

असे वाद आजचे नाहीत. अमेरिकेत १८८३ च्या टॅरिफ कायद्यात रेशमी मालावर ५० टक्के शुल्क होतं, पण हॅट सजवायच्या सामानावर २० टक्के. मग हॅटला लावायची रेशमी-मखमली फीत रेशीम की हॅटचं सामान? व्यापारी कोर्टात गेले. १८८८ मध्ये हार्टरान्फ्ट विरुद्ध लँगफेल्ड या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत प्रश्न पोचला आणि फितीचा मुख्य वापर कशासाठी होतो यावर तो सुटला. फीत दुसऱ्या कशालाही लावता येते, हे पुरेसं ठरलं नाही. फितीच्या एका तुकड्यासाठी देशाचं सर्वोच्च न्यायालय! तेव्हा क्लिपेसाठी चार दिवस घालवले याची मला लाज वाटत नाही.

मामाचा प्रश्न

हे सगळं समजावल्यावर मामाचा चेहरा उजळला. मालात भांगात अडकवायच्या बिंदी आणि कानातलीही होती. मामा म्हणाला, "मग या बिंदीपण त्या पंधरामध्येच घाल की. केसांतच तर लावतात!"

इथे मी अडखळलो. कारण पैसे मामाचे होते आणि ते त्याने कर्ज काढून घातले होते. पण कानातलं हा दागिना आहे यात वादच नाही. आणि बिंदी केसांना धरून ठेवत नाही, केस तिला धरून ठेवतात. तिचं काम कपाळावर शोभण्याचं. टिपेतल्या ज्या कंसाने आम्हाला वाचवलं, तो कंस तिला लागू पडत नव्हता. मी म्हटलं, "मामा, नियम आपल्या बाजूने होता तेव्हा आपण तो दाखवला. आता विरुद्ध आहे तर झाकता येणार नाही."

तत्त्वाचा भाग सोडा, व्यवहाराचाही विचार करा. २०११ पासून आपल्याकडे सेल्फ असेसमेंट आहे, म्हणजे कोड आयातदार स्वतः जाहीर करतो आणि जबाबदारीही त्याचीच. कमी भरलेली ड्युटी सरकार साधारणपणे दोन वर्षांपर्यंत मागू शकतं. जाणूनबुजून लपवलं असेल तर पाच वर्षांपर्यंत, वर व्याज आणि दंड. मामा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "लिही एकाहत्तर-सतरामध्ये."

आम्ही विक्रेत्याकडून सुधारलेलं इनव्हॉइस घेतलं. त्यात प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत : कशाची, कशी बनवलेली, कशासाठी, किती किलो. एजंटने टिपांचा उल्लेख करून बिल ऑफ एंट्री भरलं. तपासणीत क्लिपांचं खोकं उघडलं गेलं. अधिकाऱ्यांनी एक क्लिप उघडून मिटून पाहिली, टीप वाचली आणि कोड मान्य केला. बिंदी आणि कानातल्यांवर किलोमागच्या तळाने ड्युटी भरली. कागद बदलण्यात गेलेल्या दिवसांचं कंटेनरभाडंही बसलं, म्हणजे सगळी बचत काही हाताला लागली नाही. तरी मामाचा पहिला माल तोट्यात गेला नाही.

जाता जाता

ज्यांना कधी हे करावं लागेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. माल मागवण्याआधी वर्गीकरण करा, बोट निघाल्यावर नव्हे. इनव्हॉइसवर 'अ‍ॅक्सेसरीज', 'फॅन्सी आयटम' असे गोल शब्द येऊ देऊ नका, कारण कोड ठरतो पदार्थ, रचना आणि उपयोग यांवरून. हेडिंग सापडल्यावर थांबू नका, दोन्ही बाजूंच्या चॅप्टरच्या टिपा वाचा. आणि खरीच शंका असेल तर आधीच अग्रिम निर्णय मागता येतो. त्यासाठीची सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणं २०२१ पासून मुंबईत आणि दिल्लीत काम करत आहेत.

सुट्टी संपवून निघताना आजीच्या पाया पडलो. तिच्या अंबाड्यात तोच काळा आकडा होता. म्हटलं, "आजी, तुझ्या आकड्याचा आकडा सांगू? शहाण्णव पंधरा नव्वद."

आजी म्हणाली, "पाठ झाला ना? आता तुझ्या परीक्षेचे पण असेच पाठ कर!"